डुक्कर कोंडलं की मरतं म्हणे! वडील बरोबर की मी?

पत्र: नमस्कार काका, आमच्याकडे आजोबांपासून डुकरं आहेत. सध्या ३ माद्या, एक नर आणि लहानमोठी पिल्लं. सकाळी सोडतो, दिवसभर फिरून संध्याकाळी येतात, रात्री उरलंसुरलं टाकतो. खर्च काहीच नाही, पण वर्ष उलटलं तरी डुक्कर ३५-४० किलोच्या वर जात नाही, पिल्लं किती झाली नि किती गेली याचा पत्ता नसतो, वर लोकांच्या शेतात घुसली की भांडणं. मला आता सायंटिफिक पद्धतीने करायचंय. व्हिडिओ बघून प्लॅन केलाय, लोन काढून पक्की शेड, २० पांढऱ्या यॉर्कशायर माद्या, जुनी सगळी विकून टाकायची. वडील ऐकत नाहीत. म्हणतात डुक्कर कोंडलं की मरतं. त्यांनी एकदा एक डुकरीण पक्क्या फरशीवर कोंडून ठेवली होती, १० पिल्लं झाली, पहिले दोन आठवडे एकदम मस्त, मग पांढरी पडत गेली, धापा टाकायला लागली आणि ७ मेली. बाहेर उकिरड्याच्या कडेला व्यायलेलीची मात्र जगली. सांगा, कोण बरोबर?

उत्तर:

अरे बाबा, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुझ्या वडिलांची आहे आणि तू ती तक्रार म्हणून लिहिलीयस. त्यांनी जे पाहिलं ते अगदी खरं पाहिलं, फक्त कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. ती ७ पिल्लं कोंडल्यामुळे नाही मेली, लोह न मिळाल्यामुळे मेली.

बघ, डुकराचं पिल्लू जन्माला येतं तेव्हा त्याच्या अंगात साधारण ५० मिलिग्रॅम लोह असतं. वाढ इतकी झपाट्याची की रोज ७ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, आणि आईच्या दुधातून मिळतं रोजचं जेमतेम १. म्हणजे आठवड्या-दीड आठवड्यात शिल्लक संपली, मग रक्त पातळ होत जातं, पिल्लू पांढरं पडतं, धाप लागते, आणि जे सगळ्यात गुटगुटीत दिसत होतं तेच आधी जातं कारण त्याचीच वाढ जास्त. उकिरड्याच्या कडेचं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माती चिवडतं, तोंडात घालतं, त्याला लोह मातीतून मिळतं. तुमच्या फरशीवर माती होती कुठे? उपाय काय तर तिसऱ्या दिवशी आयर्न डेक्स्ट्रानचं एक इंजेक्शन, २०० मिलिग्रॅमचं, मानेत, बास. मीसुद्धा पहिल्या वर्षी शेड बांधली तेव्हा हेच केलं होतं, फरशी चकाचक, पिल्लं मात्र दूध पिऊन पिऊन पांढरी, आणि मी आपला दुधातच काहीतरी दोष आहे म्हणून डुकरिणीला बोल लावत बसलो.

हे एवढं लांबण का लावलं, तर तुझा सगळा प्रश्नच यात आहे. मोकळ्या डुकराला माती लोह देते, फिरण्यातून किडे-मुळं-पाला मिळून थोडंफार प्रोटीन मिळतं, चिखल त्याला गार ठेवतो, व्यायच्या आधी डुकरीण स्वतः गवत-काड्या गोळा करून घरटं करते. हे सगळं फुकट असतं. तू त्याला शेडमध्ये घेतलंस की यातली एकेक गोष्ट तुला हाताने द्यावी लागणार, आणि जी द्यायची राहील तिथे पिल्लं मरणार, मग डुक्कर यॉर्कशायर असो नाहीतर कुठलंही. सायंटिफिक म्हणजे पांढरं डुक्कर आणि निळा पत्रा नाही रे, फुकट मिळत होतं ते सगळं मोजून परत द्यायचं, एवढंच त्यात आहे.

मग मोकळीच ठेवू का, असं म्हणशील तर नाही, अजिबात नाही. वाढ होत नाही हे एक कारण झालंच, दिवसभर चालून चालून जे खाल्लं ते डुक्कर चालण्यातच घालवतं. पण मोठं कारण वेगळं आहे. मोकळं डुक्कर माणसाची घाण खातं, त्यात पट्टकृमीची अंडी असली (टीनिया सोलियम नावाचा जंत) तर डुकराच्या मांसात त्याच्या गाठी होतात, ते मांस कच्चट राहिलं आणि कुणी खाल्लं की त्याच्या पोटात जंत, आणि त्याच्या घाणीतून पुन्हा अंडी बाहेर. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की तीच अंडी न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली तर गाठी माणसाच्या मेंदूत होऊ शकतात आणि फिट्स येतात, मग तो माणूस आयुष्यात कधी मांसाला न शिवलेला का असेना. म्हणजे डुकरं आत घेणं आणि घरोघरी संडास वापरणं, या दोन गोष्टी जिथे होतात तिथे हे चक्र तुटतं. तर आत घ्यायचीच. प्रश्न कशी घ्यायची एवढाच आहे.

आता तुझ्या २० माद्यांचा हिशोब करू, कारण व्हिडिओवाले पिल्लांचा हिशोब सांगतात, खाद्याचा सांगत नाहीत. डुकराचा गाभणकाळ ११४ दिवस, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस असं लक्षात ठेव. सहा आठवड्यांनी दूध तोडलं की डुकरीण आठवड्याभरात परत माजावर येते, म्हणजे वर्षाला दोन वेत आरामात बसतात. एका वेताला ८ पिल्लं जगली धरू. २० माद्या गुणिले १६, झाली ३२० पिल्लं, वा! इथे व्हिडिओ संपतो. पुढचं ऐक. १२ किलोचं पिल्लू ९० किलोला न्यायचं म्हणजे ७८ किलो वाढ, आणि किलोभर वाढीला साडेतीन किलोच्या आसपास खाद्य लागतं, म्हणजे एकेका डुकराला पावणेतीन क्विंटल. ३२० डुकरांना ८७ टन. ८७ टन! आणि यात माद्यांचं स्वतःचं खाणं धरलेलंच नाही. वराहपालनात एकूण खर्चातला दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त वाटा खाद्याचाच असतो, त्यामुळे लोनचा पैसा सगळा सिमेंटमध्ये ओतला आणि चौथ्या महिन्यात मक्याला पैसे नाहीत अशी अवस्था झाली की माणूस नुसता कोंडा टाकायला लागतो, डुकरं खुंटतात आणि मग परत तेच, डुक्कर कोंडलं की मरतं.

तुझ्याकडे आहेत त्या ३ माद्या नीट केल्या तरी वर्षाला ४८ पिल्लं होतील, त्यांनाच १३ टन खाद्य लागेल. सुरुवात म्हणून हे पुरेसं नाही का? तेही सगळी मोठी करायची गरज नाही, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर पिल्लं म्हणूनच विक, तो पैसा उरलेल्यांच्या खाद्याला.

जुनी विकून टाकू नकोस हे वेगळं सांगायला नको आता. गावरान मादी कमी वाढते पण काटक असते, उन्हाला टिकते, पिल्लं सांभाळते, आणि तुझ्या वडिलांना तिची नस न नस माहीत आहे. तिला सुधारित जातीच्या नराचं, यॉर्कशायर म्हण, लँड्रेस म्हण, ड्युरॉक म्हण, रक्त दे, संकरित पिल्लं नीट खाद्यावर ८-९ महिन्यांत ८०-९० किलोला जाऊ शकतात. फक्त लहान चणीच्या मादीवर अडीचशे किलोचा नर चढवू नकोस, पाय मोडेल तिचा. तरुण हलका नर घे नाहीतर कृत्रिम रेतन कर. डुकराचं वीर्य गाईसारखं गोठवून नीट टिकत नाही बरं का, ते १७ अंशांच्या आसपास ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत वापरतात, त्यामुळे जवळपास सोय आहे का ते आधी विचारून ठेव. माजावर आलेल्या मादीच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला की ती दगडासारखी स्तब्ध उभी राहते, कान टवकारते, ती खूण. तेव्हापासून १२ तासांनी एकदा आणि २४ तासांनी परत एकदा नराला दाखवायची. माज चुकला तर २१ दिवस बसून खायला घालायचं तिला, फुकट.

आणि हो, तुझा आत्ताचा नर. तो त्याच माद्यांपैकी एकीचा मुलगा आहे ना? पत्रात लिहिलं नाहीस पण मोकळ्या कळपात बहुतेक असंच असतं, सगळ्यात दांडगा पोरगा मागे राहतो आणि आईवर, बहिणीवर जातो. पिल्लं कमी, मरतुकडी, बेंबी उतरलेली होण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि याला एक पैसा खर्च नाही, नर बदल. दर दीड-दोन वर्षांनी बदलायचा, आणि त्याच्याच पोरी त्याला दाखवायच्या नाहीत. ठेवायची नाहीत ती नर पिल्लं पहिल्या दोन आठवड्यांत खच्ची करून घे, नाहीतर मोठं झाल्यावर मांसाला उग्र वास मारतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

शेडबद्दल. साधी कर, उंच कर, हवा खेळती ठेव. पूर्व-पश्चिम लांबी ठेवली की ऊन कमी घुसतं. फरशी खरबरीत आणि उताराची, गुळगुळीत नको, गाभण डुकरीण घसरली तर वेतच जातं. मोठ्या होणाऱ्या प्रत्येक डुकराला निदान १ चौरस मीटर, व्याणाऱ्या मादीला ८-९. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून ते चिखलात लोळतं, हौस म्हणून नाही. चिखल काढून घेतलास तर उन्हाळ्यात दुपारी अंगावर पाणी मारायची सोय ठेव. प्यायचं पाणी तर चोवीस तास, दूध पाजणारी मादी दिवसाला २०-३० लिटर पिते. पाणी बंद पडलं आणि खाद्यात खारट खरकटं असलं तर मिठाची विषबाधा होते, डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीवर आपटत फिरतं, लोकांना वाटतं पिसाळलं.

व्याण्याच्या कप्प्यात भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा पाईप किंवा बांबू तिन्ही बाजूंनी मार. डुकरीण भिंतीला टेकून धप्पकन बसते, पिल्लू मध्ये सापडतं, पहिल्या तीन दिवसांत पिल्लं मरतात त्यात चिरडून मरणारी खूप. या बांबूच्या मागे पिल्लाला सटकायला जागा राहते. एका कोपऱ्यात बल्ब लावून पिल्लांची ऊबदार जागा कर, कारण नवजात पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि आईला २० च्या आसपास बरं वाटतं, एकाच कप्प्यात दोन ऋतू करावे लागतात म्हण ना. ऊब नसली की पिल्लू आईच्या पोटाशी जाणार आणि खाली सापडणार. आणि चीक! डुकराच्या पिल्लाला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, जी मिळते ती सगळी चिकातून, आणि आतडं ती जेमतेम पहिले २४ तास घेतं, त्यातलेही पहिले ६ तास सोन्याचे. तेव्हा व्यायच्या रात्री झोपायचं नाही, कमजोर पिल्लू उचलून पुढच्या सडाला लावायचं, पुढच्या सडांना दूध जास्त असतं. हे काम वडिलांना सांग, तुझ्यापेक्षा चांगलं करतील.

खाद्यात नुसता मका किंवा नुसता कोंडा घालून डुक्कर चरबीनं सुटतं पण वाढत नाही, कारण मक्यात लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं आणि मांस बनायला आधी तेच कमी पडतं. सोयाबीन पेंड घातली की ती उणीव भरते. लहान पिल्लांच्या खाद्यात प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास, मधल्या वयात १६-१८, शेवटी १४ पुरे. महागडं खाद्य शेवटपर्यंत घालणं हाही मूर्खपणाच. सोबत मिनरल मिक्श्चर आणि मीठ. बुरशी आलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नकोस, गाभण माद्या गाभडतात. रताळ्याचे वेल, हिरवा पाला जे असेल ते घाल, अळू मात्र शिजवूनच, नाहीतर घसा खाजून डुक्कर खाणं सोडतं.

खरकट्याबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारणारच होतास. हॉटेलचं खरकटं फुकट वाटतं, पण त्यात तीन हिस्से पाणीच असतं, २० किलोच्या बादलीत खरं खाद्य ४-५ किलो. त्याहून वाईट म्हणजे त्यात मांसाचे तुकडे असतात आणि मांसातून रोग येतो. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची जी प्रचंड साथ आली, लाखो जनावरं मारावी लागली, ती एका डुक्करफार्मवर न उकळलेलं खरकटं घातल्यामुळे सुरू झाली असं चौकशीत निघालं आणि तिथे खरकटं घालण्यावर बंदीच आली. आफ्रिकन स्वाईन फिव्हरचंही तेच. १९२१ साली केनियात पहिल्यांदा त्याची नोंद झाली, २००७ मध्ये जॉर्जियात पोचला, तोही जहाजावरच्या खरकट्यातून आला असं मानतात, २०१८ मध्ये चीनमध्ये, आणि मग आशियाभर पसरला. यावर उपचार नाही, कळपात घुसला की जवळजवळ कळप साफ. माणसाला होत नाही, पण माणूसच तो बुटाला, गाडीच्या चाकाला, मांसाच्या पिशवीतून घेऊन येतो. तुमच्याकडे खरकटं घालायला परवानगी आहे का ते आधी विचार, आणि असली तरी अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय आणि मांसाचे तुकडे काढल्याशिवाय एक घासही नाही.

म्हणून दारात चुना किंवा जंतुनाशकाचा ट्रे, शेडचे बूट वेगळे, व्यापारी आत येणार नाही, डुक्कर बाहेर आणून दाखवायचं. नवीन डुक्कर आणलं तर महिनाभर लांब वेगळं ठेवायचं, गावभर फिरवायला दिलेला भाड्याचा नर तर नकोच. साध्या स्वाईन फिव्हरची लस आहे, लाळ्या-खुरकुताचीही आहे, पिल्लं दोन महिन्यांची होताना सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून वेळापत्रक लिहून घे. जंताचं औषध आणि खरजेचं इंजेक्शनसुद्धा त्यांनाच विचारून. आणि एकदम ताप, खाणं बंद, कान-पोट लालनिळं, पटापट मरायला लागली तर त्याच दिवशी कळवायचं. लपवायचं नाही, ओढ्यात टाकायचं नाही, आणि आजारी डुक्कर घाईघाईत विकायचं तर मुळीच नाही, साथी अशाच पसरतात.

शेवटचं, विक्री. व्यापारी नजरेनं वजन सांगतो आणि नजर नेहमी त्याच्या बाजूची असते. टेप घे, पुढच्या पायांमागून छातीचा घेर मीटरमध्ये मोज, त्याचा वर्ग कर, कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीने गुण आणि ६९.३ ने गुण. घेर १.०५, लांबी १.१० आली तर ८४ किलो. चार-पाच किलो इकडेतिकडे होईल, पण ६५ म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरे.

लोनचं लिहिलंयस, त्यावर आत्ता काही बोलत नाही. आधी एक वही कर. तीनही माद्यांना नाव किंवा नंबर दे, कधी माजावर आली, कधी दाखवली, कधी व्यायली, किती झाली, दोन महिन्यांनी किती उरली, पोत्यावारी खाद्य किती गेलं, एवढंच लिही. एक कप्पा बांध, बांबू मार, आयर्नची बाटली आणून ठेव. दोन वेतं झाली की वहीचे फोटो पाठव, मग २० माद्यांवर बोलू. आणि वडिलांना विचारून सांग, त्या फरशीवरच्या १० पिल्लांपैकी जी ३ जगली ती कुठे मातीत जायची का? माझी पैज आहे, जायची.